शेवटचे आणि पहिले : एका वचनाची नैतिकता

काही विधानांचा अर्थ त्यांच्या शब्दांत पुरतेपणी सामावलेला नसतो. ती कोण, कोणासमोर आणि कोठे उभे राहून उच्चारतो यावर त्यांची नैतिक किंमत ठरते. 'जे शेवटचे ते पहिले होतील' हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन या जातीचे आहे. उपाशी माणसाने ते उच्चारले तर ती आशा ठरते, आणि सत्ताधाऱ्याने उच्चारले तर तो निर्दयपणा ठरू शकतो. धर्मोपदेशकाच्या तोंडी ते सांत्वन होते, क्रांतिकारकाच्या तोंडी धमकी. प्रश्न असा की, ज्या व्यक्तीला तिच्या काळाने निर्विवादपणे 'पहिल्यां'त बसवले आहे, तिने हजारो श्रोत्यांसमोर हे वचन गाऊन दाखवले, तर त्याचे काय होते?

हा प्रश्न काल्पनिक नाही. सेलीन दियों या क्वेबेकच्या गायिकेचा 'दऽ' हा फ्रेंच अल्बम १९९५ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकाचा अर्थ 'त्यांच्याकडून', 'त्यांच्याविषयी' असा होतो आणि उच्चारात तो 'दोन' या फ्रेंच शब्दाशी एकरूप होतो. अल्बमच्या रचनेची मुख्य जबाबदारी ज्याँ-जाक गोल्डमान या फ्रेंच गीतकार-संगीतकाराकडे होती. फ्रेंच भाषेतील सर्वाधिक खपाच्या अल्बमांत तो अग्रस्थानी मानला जातो. त्यातील एका गीताचे शीर्षक म्हणजे मत्तयाचे ते वचनच : 'ले दर्निए सरों ले प्रमिए'. पॅरिसच्या झेनित सभागृहात १९९५ साली झालेल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण 'लाइव्ह आ पारी' या नावाने १९९६ साली निघाले, आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी या गीताची मैफलीतील आवृत्ती स्वतंत्र प्रसिद्धी-तबकडी म्हणून वितरित झाली. प्रसिद्धी-तबकडी म्हणजे दुकानात न येणारी, आकाशवाणी केंद्रांकडे आणि वृत्तपत्रांकडे जाणारी तबकडी. फ्रान्समध्ये अशा प्रतींवर 'विक्रीसाठी नाही' अशा आशयाची सूचना छापण्याचा प्रघात होता.

लोकप्रिय गीत हा गंभीर नैतिक विचाराचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका येथे घेतली जाईल. तिला एवढेच उत्तर पुरेसे आहे की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मग्रंथातील वचने जितक्या कानांवर प्रार्थनामंदिरातून पडली त्याहून कमी कानांवर ती गीतांतून पडली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. वचनाचे स्थलांतर झाले असेल, तर समीक्षेलाही त्याच्या मागोमाग जाणे भाग आहे.

१

मूळ वचनाचा संदर्भ प्रथम पाहिला पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते दोनदा येते : एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी, श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेल्यानंतर, आणि विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याच्या दृष्टांतानंतर. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो. मग दिवसभरात थोड्याथोड्या वेळाने आणखी लावतो. अगदी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही, 'कोणी कामाला लावले नाही' म्हणून बाजारात उभ्या असलेल्यांना तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सर्वांना एकच दिनार मिळतो, आणि वाटपाची सुरुवात शेवटी आलेल्यांपासून होते. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. त्यांची कुरकूर समजण्याजोगी आहे. श्रम आणि मोबदला यांच्या प्रमाणावर उभा असलेला न्याय त्यांच्या बाजूने बोलतो.

या दृष्टांतात कोणीही खाली ढकलला जात नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. पहिल्यांचा दिनार कमी होत नाही. बदलतो तो मोजणीचा आरंभबिंदू. तरीही वचनाची जी परंपरा रूढ झाली ती अदलाबदलीची आहे : वरचे खाली जातील, खालचे वर येतील. या रूढ अर्थावर आधुनिक विचाराने तीन प्रकारे प्रतिक्रिया दिली.

पहिली प्रतिक्रिया नीत्शेची. 'नीतीच्या वंशावळी'वरील आपल्या १८८७च्या ग्रंथात त्याने या प्रकारच्या वचनांमागे दुर्बळांचा साचलेला द्वेष पाहिला. ज्यांना प्रत्यक्षात सूड घेता येत नाही ते मूल्यांच्या पातळीवर सूड घेतात. आपल्या असमर्थतेलाच ते सद्‌गुण म्हणतात. माक्स शेलरने पुढे या निदानाला उत्तर दिले : ख्रिस्ती प्रेमाचे खाली वाकणे हे कमतरतेतून येत नाही, विपुलतेतून येते. मळ्याच्या धन्याकडे पाहिले तर शेलरचे म्हणणे पटते. पण वचन उचलून धरणाऱ्या अनेक पिढ्यांच्या मनाकडे पाहिले तर नीत्शेचे निदान सहज फेटाळता येत नाही.

दुसरी प्रतिक्रिया मार्क्सच्या वाटेने येते. वचन भविष्यकाळात आहे, आणि तो भविष्यकाळ परलोकाचा असेल तर आजचा अन्याय त्यामुळे सुसह्य होतो. सुसह्य झालेला अन्याय दीर्घायुषी होतो.

तिसरी प्रतिक्रिया फ्रेंच भाषेतच झाली, आणि ती प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळची आहे. मार्तिनिक बेटावर जन्मलेल्या फ्रांत्स फॅननने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात, वसाहतवादाच्या समाप्तीची नेमकी व्याख्या करायची तर ती या सुपरिचित वाक्यातच सामावते, असे प्रतिपादले. फॅननच्या लेखी वसाहतीची मुक्ती म्हणजे या वाक्याचा प्रत्यक्ष पडताळा. परलोकाकडे ढकललेला भविष्यकाळ त्याने खेचून इतिहासात आणला. वचन देव पूर्ण करील म्हणून थांबण्याऐवजी शेवटच्यांनीच ते पूर्ण करावयाचे, आणि ते शांततेने होईल असा भ्रम बाळगायचा नाही.

फॅननच्या ग्रंथानंतर चौतीस वर्षांनी तेच वाक्य त्याच भाषेत गीताचे शीर्षक झाले. मधल्या काळात फ्रान्सचे वसाहतींचे साम्राज्य जवळजवळ संपले होते, आणि वाक्यही बदलले होते. गीताच्या ध्रुवपदात हे वचन 'दुसऱ्या एका वास्तवा'त नेऊन ठेवलेले आहे, आणि तेथे राजवैभव 'आपल्या' वाट्याला येईल असे सांगितलेले आहे. 'दुसरे वास्तव' ही स्थलकालाची खूण मुद्दामच धूसर आहे. तो स्वर्ग नाही, कारण त्यात देवाचे नाव घेतलेले नाही. तो फॅननचा इतिहासही नाही, कारण त्यात कोणी शत्रू नाही. ज्या वचनाच्या धारेवर एकेकाळी साम्राज्ये तपासली गेली, ते येथे एका सार्वत्रिक 'आपण'च्या स्वाधीन झालेले दिसते.

२

हा 'आपण' कोणाचा? टीकेची सोपी वाट येथे समोरच असते. जगातील अत्यंत यशस्वी गायिका, विक्रमी खपाचा अल्बम, तिकीट काढून आलेले श्रोते. यांतला शेवटचा कोण? वचन उच्चारण्याचा अधिकार ज्यांना आहे ते सभागृहाबाहेर आहेत. हा आक्षेप न्याय्य वाटतो, पण तो 'शेवटचा' आणि 'पहिला' हे दोन निश्चित बिंदू आहेत असे गृहीत धरतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारातील 'श्रेणीबद्ध विषमता' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी भारतीय समाजरचनेचे वर्णन याच शब्दांत केले. साध्या विषमतेत वरचे आणि खालचे असे दोनच पक्ष असतात, म्हणून खालचे एकत्र येऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी असते. त्यामुळे तळाचा थर सोडला तर प्रत्येकाला गमावण्यासारखे काहीतरी असते, आणि म्हणून प्रत्येकजण शिडीचे रक्षण करतो. या रचनेत 'शेवटचा' हे पद सापेक्ष होते. जवळजवळ प्रत्येकाला कोणाच्या तरी तुलनेत ते स्वतःला लावून घेता येते. ते इतक्या सहज लावून घेता येते हाच त्यातला धोका.

ही संकल्पना जातिव्यवस्थेच्या विश्लेषणातून घडली. तिचा तिच्या भूमीबाहेर उपयोग करताना सावधपणा हवा. परंतु या गीतामागील सामाजिक भूगोल पाहिला की शिडीची प्रतिमा टाळता येत नाही. गायिका १९६८ साली माँत्रेआलजवळच्या शार्लमान्य या गावी, साध्या कुटुंबात, चौदा भावंडांतील शेवटचे अपत्य म्हणून जन्मली. त्याच दशकात 'शांत क्रांती' या नावाने ओळखले जाणारे परिवर्तन क्वेबेकमध्ये घडत होते. तोवर त्या प्रांतात बहुसंख्य भाषा फ्रेंच असूनही आर्थिक सत्ता मुख्यतः इंग्रजी भाषकांच्या हाती होती. १९७७च्या भाषाविषयक कायद्याने फ्रेंचला कारभारात आणि व्यवसायात प्राधान्य दिले. १९९० साली इंग्रजी अल्बम काढल्यावर दियों यांना क्वेबेकच्या संगीत पुरस्कारांत 'इंग्रजी कलावंत' या वर्गवारीतील पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तो त्यांनी जाहीरपणे नाकारला. उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी महासागरात फ्रेंच भाषक स्वतःला 'शेवटचे' मानतात, आणि त्या मानण्याला इतिहासाचा आधार आहे.

पण शिडी तेथे थांबत नाही. क्वेबेकच्या फ्रेंच बोलीकडे पॅरिसने दीर्घकाळ ग्राम्य म्हणून पाहिले. क्वेबेकची गायिका पॅरिसच्या गीतकाराच्या शब्दांत पॅरिसच्या श्रोत्यांपुढे गाते यालाही एक क्रम आहे. तो गीतकार पुन्हा पोलंड आणि जर्मनीतून फ्रान्समध्ये आलेल्या यहुदी आईवडिलांचा मुलगा. वडील नाझीविरोधी प्रतिकारलढ्यातले. युरोपच्या इतिहासात ज्या समूहाला शेवटच्याहूनही खाली लोटण्यात आले, त्यातील एका घरातून आलेला माणूस ख्रिस्ती शुभवर्तमानातील वाक्य उचलतो आणि त्यातून धर्म वजा करून ते सर्वांना देऊ करतो. आणि दुसऱ्या टोकाला, ज्या १९९० साली फ्रेंच अस्मितेच्या नावाने तो पुरस्कार नाकारला गेला, त्याच वर्षी माँत्रेआलजवळच ओका येथे गोल्फच्या मैदानाच्या विस्तारासाठी घेतल्या जाणाऱ्या आपल्या जमिनीच्या रक्षणार्थ मोहॉक आदिवासी उभे राहिले आणि अठ्ठ्याहत्तर दिवस संघर्ष चालला. तेव्हा क्वेबेकचा फ्रेंच भाषक 'पहिल्यां'च्या जागी होता.

म्हणजे 'या गीतातला आपण खोटा आहे' असे म्हणता येत नाही. त्यातल्या प्रत्येकाची शेवटचेपणाची स्मृती खरी आहे. परंतु खऱ्या स्मृतीवरून खोटा निष्कर्ष निघू शकतो. 'मी कोणाच्या तरी मागे आहे' एवढ्यावरून 'मी शेवटचा आहे' हे सिद्ध होत नाही. आणि ज्याला ते सिद्ध झाल्यासारखे वाटते त्याच्या दृष्टीतून त्याच्या मागे उभा असलेला माणूस नाहीसा होतो. या वचनाचा सर्वांत मोठा गैरवापर दांभिक माणसे करतात असे नाही. अर्धवट दुःखी माणसे करतात.

३

मैफलीतील ध्वनिमुद्रण या प्रश्नाला आणखी एक पैलू देते. थिओडोर अडोर्नोने लोकप्रिय संगीतावरील आपल्या १९४१च्या निबंधात असे दाखवले की भावनेला आवाहन करणारे संगीत श्रोत्याला आपल्या दुःखाची कबुली देण्याची मुभा देते, आणि त्या कबुलीतूनच त्याला आपल्या परावलंबनाशी तडजोड करायला लावते. रडण्याची परवानगी मिळाली की बदलण्याची निकड ओसरते. या दृष्टीने पाहता, सभागृहात सर्वांनी मिळून 'आपण पहिले होऊ' असे गाणे म्हणजे पहिले न होताच पहिले झाल्याचा अनुभव घेणे होय. दिवे लागतात, लोक घरी जातात, शिडी जागच्या जागी असते.

अडोर्नोचे म्हणणे बलवान आहे, पण संपूर्ण नाही. ध्वनिमुद्रणगृहातील आवृत्तीत वचनाला श्रोता नसतो. तेथे ते एकटे असते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचा आवाज तबकडीचा भाग होतो. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९च्या आपल्या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे 'प्रत्यक्ष' ही कल्पनाच ध्वनिमुद्रणाच्या शोधानंतर जन्मली. त्यामुळे गर्दीच्या आवाजाला आपोआप सत्याचे प्रमाणपत्र देता येत नाही. तरीही त्या आवाजाचे एक नैतिक कार्य असते : तो साक्षीदाराचा आवाज असतो. वचन एकांतात स्वतःशी पुटपुटणे वेगळे आणि साक्षीदारांसमोर देणे वेगळे. साक्षीदारांसमोर दिलेले वचन देणाऱ्याला बांधते. मैफलीतील आवृत्ती ही, गाणाऱ्याचा हेतू काहीही असो, वचन साक्षीने उच्चारल्याची नोंद आहे.

येथून मूळ प्रश्न वेगळ्या रीतीने मांडता येतो. 'पहिल्या'ने हे वचन उच्चारावे काय, असे विचारण्याऐवजी, उच्चारल्याने त्याच्यावर कोणते ऋण येते, असे विचारले पाहिजे. मराठीतील दलित साहित्याच्या चर्चेने स्वानुभूती आणि सहानुभूती यांतील भेद दीर्घकाळ तपासला आहे. त्या चर्चेचा एक धडा असा की सहानुभूतीचा दोष तिच्या असण्यात नसतो. ती स्वतःला स्वानुभूती समजू लागते त्यात असतो. पुढे असलेल्याने 'आपण' म्हणताना आपली जागा लपवली तर तो बनाव ठरतो. आपली जागा मान्य करून म्हटले, तर तेच वचन त्याच्या स्वतःविरुद्ध वळते : 'शेवटचे पहिले होतील' या वाक्यात त्याच्यासाठी सांत्वन उरत नाही, मागणी उरते.

गोल्डमान यांच्याच कारकिर्दीत या मागणीचे एक उदाहरण सापडते. कोल्यूश या विनोदी नटाने १९८५ साली भुकेल्यांसाठी 'हृदयाच्या खानावळी' सुरू केल्या, आणि त्याच्या विनंतीवरून गोल्डमान यांनी त्या कार्याचे गीत रचले. ते गीत अन्न मिळवून देण्याच्या कामाला जोडलेले होते. त्याचे ऋण मोजता येत होते. पण त्या खानावळी तात्पुरत्या म्हणून सुरू झाल्या होत्या, आणि त्या कायमच्या झाल्या. शेवटच्याला जेवण मिळाले. तो शेवटचा राहिला. गीताने कृतीशी नाते जोडले तरी वचन पुरे होतेच असे नाही, याची ही खूण आहे.

४

आता त्या तबकडीकडे परत जावे. तिला किंमत नव्हती. ती दान होती काय? मार्सेल मोसने दानावरील आपल्या विख्यात निबंधात दाखवले की निरपेक्ष वाटणारे दान परतफेडीचे बंधन सोबत आणते. प्रसिद्धी-तबकडी हे या सिद्धान्ताचे स्वच्छ उदाहरण : ती फुकट दिली जाते ती वाजवली जावी म्हणून, आणि वाजवली जावी ती दुसरे काही विकले जावे म्हणून. १९९४च्या कायद्याने फ्रान्समधील खाजगी नभोवाणी केंद्रांवर चाळीस टक्के गीते फ्रेंच भाषेतील असावीत असे बंधन घातले, आणि ते १ जानेवारी १९९६ पासून लागू झाले. फ्रेंच गीताची तबकडी केंद्राकडे पाठवण्याला त्या वर्षी वेगळेच महत्त्व होते. इंग्रजीपुढे मागे पडणाऱ्या भाषेला पुढे आणण्यासाठी राज्याने केलेली तरतूद त्या भाषेतील सर्वांत पुढच्या कलावंतांनाही उपकारक ठरली. या कायद्याने त्या चाळीस टक्क्यांपैकी निदान निम्मा भाग नवोदितांसाठी आणि नव्या निर्मितीसाठी राखला, याचा अर्थ कायदा करणाऱ्यांना शिडीची कल्पना होती. पण 'नवोदित' आणि 'नवी निर्मिती' हे दोन शब्द एकाच कलमात आले की प्रस्थापिताच्या नव्या गीतालाही त्यातून वाट मिळते.

किंमत नसणे आणि देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तबकडीवरून दिसते. मळ्याचा धनी याच्या नेमके उलट करतो. तो मजुरी देतो, म्हणजे किंमत चुकवतो. पण शेवटी आलेल्याला मिळणारा दिनार त्याच्या श्रमाच्या हिशेबापलीकडचा असतो. तेथे व्यवहाराच्या पोटात दान आहे; तबकडीत दानाच्या पोटात व्यवहार आहे.

याच दृष्टांतातून जॉन रस्किनने १८६० साली आपल्या अर्थविचाराचे शीर्षक घेतले. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले; १९०८ साली त्याचा सारांश गुजरातीत करताना त्यांनी त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले. या नामांतरात एक संपूर्ण भाष्य दडलेले आहे. 'शेवटच्याला'चे भाषांतर 'सर्वांचा उदय' असे झाले. शेवटच्याला पहिला करणे म्हणजे पहिल्याला शेवटचा करणे नव्हे. शेवटच्यापासून मोजायला आरंभ केला तरच 'सर्व' या शब्दाला अर्थ येतो. विनोबांनी १९५१ नंतर हाच विचार भूदानाच्या रूपाने जमिनीपर्यंत नेला. मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक होती आणि बरीचशी वाटलीच गेली नाही, हे इतिहासाने नोंदवले आहे. धन्याच्या इच्छेवर सोपवलेला न्याय कितपत टिकतो, ही आंबेडकरांची शंका तेथे खरी ठरते. दृष्टांतातील धनी उदार होता. उदार नसता तर मजुरांना काय आधार होता? फॅनन या ठिकाणी पुन्हा बोलू लागतो, आणि त्याला गप्प करण्याजोगे उत्तर सर्वोदयाच्या विचारापाशी नाही.

तरीही अदलाबदल आणि आरंभबिंदू यांतील निवड टळत नाही. अदलाबदलीने शिडी उलटी होते, मोडत नाही. वसाहती संपल्यानंतरच्या अनेक राष्ट्रांत नव्या पहिल्यांनी जुन्यांच्या खुर्च्या कशा व्यापल्या हे फॅनननेच त्या ग्रंथात आधी ओळखले होते. वचनाचा टिकाऊ अर्थ आरंभबिंदूचा आहे, पण तो अंमलात आणण्याचे बळ कृपेत नसून हक्कात आहे, असे दोन्ही बाजू ऐकल्यावर म्हणावे लागते. शेवटी आलेल्या मजुराला दिनार मागता आला पाहिजे. मिळाला म्हणून आभार मानावे लागू नयेत.

एका लोकप्रिय गीताने एवढा भार उचलावा अशी अपेक्षा नाही. त्याने वचन जिवंत ठेवले, हजारो मुखांतून वदवले, आणि साक्षीसह नोंदवून ठेवले. 'दुसऱ्या वास्तवा'कडे बोट दाखवून त्याने ते पुढे ढकलले, हा त्याचा दुबळेपणा. पण त्या सभागृहात 'आपण' म्हणून गाणाऱ्या प्रत्येकाला, गायिकेपासून शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत, बाहेर पडताना एक प्रश्न स्वतःला विचारता येण्याजोगा होता : माझ्या मागे कोण उभे आहे? ज्याने तो विचारला त्याच्यापुरते वचन दुसऱ्या वास्तवातून या वास्तवात आले. ज्याने विचारला नाही त्याने केवळ एक सुंदर गाणे ऐकले.